पोछा कुणाचा, डबा कुणाचा

"हा पोछा दवाखान्याचा आहे पोरी, माझा कायले होईन? माझा हा डबा आहे. फोटो काढाचाच असन तर याच्यासंगं काढ."

रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर एका आयाबाईंनी माझ्या विद्यार्थिनीला हे सांगितलं. मी तिथं नव्हतो. शनिवारी वर्गात पोरीनं फोटो दाखवला आणि बाईंचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा मी हातातला खडू खाली ठेवला. पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले. निवृत्त झाल्यावर पत्रकारितेच्या मुलांना छायाचित्रण शिकवू लागलो. माणूस आणि त्याच्याभोवतीच्या वस्तू यांच्यातलं नातं इतक्या थोडक्या शब्दांत मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आधी गृहपाठ काय होता ते सांगतो. छायाचित्रणात एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेट नावाचा प्रकार आहे. स्टुडिओत पडद्यापुढे बसवून न काढता माणूस जिथं राहतो, राबतो, तिथंच त्याच्या वस्तूंसह त्याचा फोटो काढायचा. वर्गात आम्ही त्याला 'जागेसकट माणूस' म्हणतो. दरवर्षी मी मुलांना रामदासपेठेत पाठवतो. माझं घर तिथं आहे हे एक कारण, आणि अर्ध्या तासाच्या पायपिटीत तिथं जेवढी माणसं भेटतात तेवढी नागपुरात क्वचित कुठं भेटत असतील. लोकमत चौकातून आत वळलं की दवाखान्यांच्या पाट्याच पाट्या. औषधांची दुकानं, पॅथॉलॉजी, फळांच्या गाड्या. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटहून आलेले नातेवाईक एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून फुटपाथवर बसलेले. सेंट्रल बाजार रोडवर वेगळं जग, काचीपुऱ्याकडे वेगळं. मागून नाग नदी वाहते, तिच्याकडे पाठ करून सगळे बंगले उभे.

माझ्या अटी मोजक्या आहेत. रुग्ण चौकटीत येता कामा नये. कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी निदान तासभर त्या माणसाजवळ बसायचं. फ्लॅश वापरायचा नाही. उन्हाळ्यात अकरा ते चार आमच्याकडचं ऊन चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा पाडतं, म्हणून सावली शोधायची आणि समोर एखादी पांढरी भिंत असेल तर तिच्यावरून परत येणारा उजेड घ्यायचा. ३५ मिलीमीटरची लेन्स असेल तर उत्तम, कारण तिनं काढायचं म्हटलं की माणसाच्या जवळ जावंच लागतं. आणि मोबाइल असेल तर त्यातला पोर्ट्रेट मोड बंद.

या शेवटच्या अटीवर मुलं कुरकुरतात. पोर्ट्रेट मोडमध्ये चेहरा लख्ख येतो आणि मागचं सगळं धुक्यात विरघळतं. मी त्यांना सांगतो, त्या यंत्रात एक तत्त्वज्ञान भरून दिलेलं आहे आणि ते तुम्ही न विचारता स्वीकारताय. माणूस म्हणजे चेहरा, बाकीचं जग म्हणजे अडगळ, असं ते यंत्र धरून चालतं. ज्या बाईनं वीस वर्षं एका जिन्याच्या पायऱ्या पुसल्या, त्या जिन्याला तुम्ही धूर करून टाकणार?

हे मी अनेक वर्षं ठासून सांगत आलो. मग दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी वर्गात एक जुना फोटो घेऊन आली. तिच्या पणजोबांचा. घरात त्यांचा एवढा एकच फोटो. पणजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, १८७७ साली सुरू झालेली आपली ती गिरणी, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पांढरे कपडे घालून ते दीक्षाभूमीवर गेले होते. फोटो मात्र स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमानी आणि गुलाबांची बाग. बाजूला उंच तिपाई, तिच्यावर एक जाड पुस्तक. पणजोबांचा उजवा हात त्या पुस्तकावर, खिशाला पेन. पेन आणि पुस्तक दोन्ही स्टुडिओवाल्याचं. त्या काळचे स्टुडिओवाले असल्या वस्तू ठेवायचेच.

ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणता स्टुडिओतला फोटो खोटा आणि जागेवरचा खरा. पणजोबांना गिरणीत, साच्याजवळ, कापसाच्या तुसात उभं करून कुणी फोटो काढला असता तर तो खरा झाला असता का? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी हात पुस्तकावरच ठेवला. माझ्या आजोबांना त्यांनी शिकवलं. हे पुस्तक खोटं कसं?"

वर्ग गप्प झाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना शिक्षकानं बोलत राहू नये म्हणून मी वर्ग लवकर सोडला. कॅनॉल रोडनं घरी येताना मात्र मला दुसराच एक मुलगा आठवला. तीस वर्षं जुना.

ती चूक माझी आहे, म्हणून सविस्तर सांगतो. १ मे चा अंक होता. श्रमाची प्रतिष्ठा असा काही विषय ठरला आणि मी एका चौकात झाडाखाली बसणाऱ्या, चपला शिवणाऱ्या काकांचा फोटो काढला. फोटो चांगला होता, आजही म्हणेन. सकाळचं तिरपं ऊन, हातात आरी, पुढ्यात रापी आणि मेणाचा गोळा, बोटांना चिरा पडलेल्या, मागे जोड्यांची रास. फोटोओळीत नाव नव्हतं. 'श्रमाचे हात' असं काहीतरी लिहिलेलं होतं. अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कार्यालयात आला. तंत्रनिकेतनात शिकत होता. आवाज चढवला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "बाबा सकाळी आठ ते सहा तिथं बसतात, साहेब. बाकीचे चौदा तास तुमी कुठं होते?"

आठवड्यानं मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. संध्याकाळची वेळ. काका घरी नव्हते, वस्तीतल्या प्रार्थनेला गेले होते. मीही तिथं गेलो. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना विदर्भात कुणाला सांगायला नको. लोक ओळीत बसतात, आणि समोर ना मूर्ती ना तसबीर, फक्त एक रिकामं आसन. त्याला अधिष्ठान म्हणतात. त्या रिकाम्या आसनावरची पांढरी चादर रोज संध्याकाळी काका अंथरत. एक सुरकुती राहू देत नसत. चादरीचं टोक दोन्ही हातांनी ओढून, तळहात तिच्यावरून शेवटपर्यंत फिरवत. तीच चिरा पडलेली बोटं. मी विचारलं, हा फोटो काढू का? ते म्हणाले, "राहू द्या जी. इथं पाहाचं काई नाही, बसाचं आहे." मी बसलो. तो फोटो नाही. पण चौदा तासांचं उत्तर त्या चादरीत होतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे, आणि तो छायाचित्रणापुरता नाही. माणूस आणि त्याचा परिसर यांत रेघ कुठं मारायची? आपल्याभोवती जे आहे ते आपण असतो का?

आपल्या परंपरेत याचं पहिलं उत्तर संतांच्या चित्रांतून मिळतं. कुठल्याही देवळाच्या भिंतीवर पाहा. गोरोबाकाका चिखल तुडवताहेत. सावतोबा मळ्यात आहेत. जनाबाई जात्यावर, सेना महाराजांच्या हाती धोकटी, नरहरी सोनार यांच्यापुढे भट्टी. एकालाही चित्रकारानं त्याच्या कामापासून तोडलं नाही. ही मराठी मुलखातली जागेसकट माणसं आहेत, कॅमेरा जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची. त्यांत एक ठाम श्रद्धा आहे की देव भेटायला हातातलं काम सोडावं लागत नाही. मी लहानपणापासून ही चित्रं पाहिली आणि माझ्या फोटोंचं मूळ तिथंच आहे.

पण त्याच चित्रांची दुसरी बाजू मला त्या तंत्रनिकेतनातल्या मुलानं दाखवली. माणूस म्हणजे त्याचं काम, हे वाक्य संतांच्या तोंडी भक्ती होतं. समाजाच्या तोंडी तेच वाक्य जात होतं. बापाची रापी तीच पोराची रापी. चोखोबांचं चित्र यातलं सगळ्यांत अवघड. त्यांची जागा महाद्वाराबाहेर. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून ते गेले आणि पंढरपुरात त्यांची समाधी नामदेव पायरीसमोर, देवळाच्या बाहेरच आहे. चोखोबांचा फोटो काढायचा झाला तर तो दरवाजा चौकटीत घ्यावाच लागेल. पण तो दरवाजा चोखोबांचा नव्हे. तो दुसऱ्यांनी बंद केलेला.

म्हणून नुसतं 'परिसर दाखवा' असं शिकवणं पुरेसं नाही हे मला पटलं. बाबासाहेबांची चित्रं आणि पुतळे आठवा. कोट, टाय, हातात ग्रंथ. ज्या परिसरात त्यांना जन्मानं ढकललं होतं त्याचा एक कणही तिथं नाही. जो परिसर त्यांनी कमावला तो आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला काचीपुरा चौकातून दीक्षाभूमीकडे जाणारी गर्दी मी वर्षानुवर्षं टिपली आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या आया स्तूपापुढे उभ्या राहून घरच्यांबरोबर फोटो काढून घेतात, आणि त्यांच्या पिशवीत नुकतीच घेतलेली पुस्तकं असतात. कित्येक जणी फोटोच्या आधी पुस्तक पिशवीतून काढून हातात धरतात. त्या विद्यार्थिनीचे पणजोबा तिपाईवरच्या पुस्तकावर हात ठेवताना हेच करत होते. तिथं जागा खोटी होती. हात ठेवणं खरं होतं.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो, कारण वर्गातही आम्ही इथं येऊन अडलो. गीतेचा तेरावा अध्याय क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा आहे. शेत आणि शेत जाणणारा. शरीर हे क्षेत्र, आणि त्या क्षेत्रात पंचमहाभूतं, इंद्रियं, बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, सगळं मोजलेलं आहे. ज्ञानेश्वरमाऊलींनी हा अध्याय किती विस्तारानं फोडून सांगितला आहे ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली एक गोष्ट छायाचित्रकार म्हणून हादरवून गेली. चेहराही क्षेत्रातच येतो. आपण समजतो चेहरा म्हणजे माणूस आणि मागची भिंत म्हणजे परिसर. तेराव्या अध्यायाच्या हिशेबानं दोन्ही एकाच बाजूला आहेत. जाणणारा वेगळा, आणि तो कॅमेऱ्यात यायचा नाही.

बुद्धांचं म्हणणं याहून वेगळं, आणि माझ्या वर्गात अर्धी मुलं बौद्ध घरांतली असल्यानं ते दरवर्षी ठासून मांडलं जातं. प्रतीत्यसमुत्पाद. काहीही एकटं, आपल्या बळावर उभं नाही. हे आहे म्हणून ते आहे. मागे लपून बसलेला कुणी मालक नाही. म्हणजे परिसर काढून टाकला तर खाली शुद्ध माणूस उरेल ही कल्पनाच चूक. एका मुलानं हे फार छान सांगितलं होतं. तो म्हणाला, "सर, पोर्ट्रेट मोड आत्मा मानतो."

दोन्ही दर्शनांचा वाद मिटवायला मी बसलेलो नाही, माझा तो अधिकारही नाही. पण आमच्या कामापुरतं दोघंही एकच बजावतात: चेहऱ्याला मालक समजू नका. मग फोटोत काय शोधायचं? मला वाटतं, धरणं शोधायचं. माणूस वस्तूला कसा धरतो. काकांनी चादर कशी ओढली. पणजोबांचा हात पुस्तकावर कसा विसावला. परिसर आणि माणूस यांच्यामध्ये जे घडत असतं ते, आणि ते दिसतं.

हे मला एका जुन्या शिल्पातही दिसलं. भंडारा जिल्ह्यातलं पवनी आपल्यापासून जवळ, वैनगंगेच्या काठी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथं उत्खनन केलं आणि मौर्य-सातवाहन काळातले मोठे स्तूप उजेडात आले. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा एक खांब आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्यावर मुचलिंद नाग कोरला आहे. संबोधीनंतर वादळी पाऊस झाला तेव्हा या नागराजानं बुद्धांवर फणा धरला, ती कथा. शिल्पात नाग आहे, त्याचे फणे उभारलेले आहेत, खाली आसन आहे. आसनावर कुणी नाही. त्या काळी बुद्धांची आकृती कोरत नसत. झाड, पाऊलखुणा, रिकामं आसन यांतून ते आहेत असं सांगत. मी त्या खांबापुढे बराच वेळ उभा होतो. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्याच मुलखातल्या एका पाथरवटानं परिसर सगळा कोरला आणि मधला माणूस मोकळा सोडला. आणि तरी तिथं कोण बसलं आहे याबद्दल क्षणभरही शंका येत नाही. फणा ज्या तऱ्हेनं पुढे झुकला आहे, त्यात तो बसलेला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि या नगरीचा संबंध सांगितला होता. रामदासपेठेच्या मागून वाहणाऱ्या नदीचं नावही तेच. मला मात्र खांबावरच्या त्या रिकाम्या आसनापुढे काकांची पांढरी चादर आठवली.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. प्रत्येकाला स्वतःची जागा स्वतः निवडू दिली तर सगळेच चांगल्या कपड्यांत, पुस्तकाशेजारी बसतील. मग अन्याय कोण दाखवणार? अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. ती माणसं कचऱ्यात, गटारात उतरलेली आहेत. २०१६ साली ओलवेंना पद्मश्री मिळाली, पण त्याहून मोठी गोष्ट ही की ते फोटो पाहिल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मुंबईला उरली नाही. ते फोटो इस्त्रीच्या कपड्यांत काढले असते तर? मी या प्रश्नावर खूप विचार केला आहे. माझं मत असं झालं आहे की चोखोबांपुढचा दरवाजा दाखवलाच पाहिजे, मात्र तो दुसऱ्यानं बंद केलेला आहे हे चित्रात दिसलं पाहिजे. गटार त्या माणसाचं नाही. शहराचं आहे. फोटो पाहून लाज शहराला वाटली तर फोटो बरोबर, उतरलेल्या माणसाला वाटली तर चूक. माझा १ मे चा फोटो या कसोटीला उतरला नव्हता.

आणि निवडीचा अधिकार आजही काहींना असतोच, हे मुलांना रामदासपेठेतच कळतं. एक मुलगा एका नामांकित डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी त्याला बसवून ठेवलं, कोट चढवला, टेबलावरची फाइल हलवली, खुर्ची अशी फिरवली की मागे पदव्यांची भिंत यावी, आणि मग म्हणाले, हं, काढ. त्यात काही गैर नाही. पण त्याच मुलानं बाहेर पडून फाटकावरच्या चौकीदाराचा फोटो न विचारता, लांबून काढला. मी दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मुलांना नुसतं बघायला सांगितलं. डॉक्टरांची जागा डॉक्टरांनी ठरवली. चौकीदाराची आपण.

याच्या उलटही करावं लागतं कधीकधी. एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेटचा उस्ताद मानला गेलेला अमेरिकन छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन स्वतः ज्यू होता. १९६३ मध्ये त्याला जर्मन उद्योगपती आल्फ्रेड क्रुपचा फोटो काढायला मिळाला. क्रुपला दुसऱ्या महायुद्धात गुलाम मजूर राबवल्याबद्दल १९४८ साली न्यूरेंबर्गला शिक्षा झाली होती. न्यूमननं त्याला त्याच्याच कारखान्यात बसवलं, दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि थोडं पुढे झुकायला सांगितलं. तो चेहरा सैतानासारखा उमटला. मी हा फोटो वर्गात दाखवतो, आणि सांगतो की ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्या हातून जागा काढून घेणं आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या हातून काढून घेणं, ही दोन वेगळी कृत्यं आहेत. तंत्र एकच आहे. धर्म एक नाही.

मुलांनी एकदा मला सेवाग्राम आश्रमात राहून गांधीजींचे फोटो काढणाऱ्या कनू गांधींवरून पेचात पकडलं. सेवाग्राम आमच्या वर्धा रोडवरून थेट जाता येईल इतकं जवळ. बापूंनी कनूंना फोटो काढू दिले ते तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम या कामाला पैसा देणार नाही. मुलं म्हणाली, गांधीजी पोझ नको म्हणतात आणि तुम्ही म्हणता त्यांना विचारा, त्यांना जागा निवडू द्या. ती पोझच झाली. मी म्हटलं, कनू आश्रमात राहत होते. बापूंचे चोवीस तास त्यांच्यापुढे होते. चरखा, पत्रं, आजारी माणसाची सेवा, मौन, सगळं. त्यांना विचारायची गरज नव्हती, कारण त्यांना ठाऊक होतं. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट बाहेरून बापूंचा फोटो काढायला आली तेव्हा तिला आधी सूत कातायला शिक म्हणून सांगण्यात आलं. ज्याच्याकडे चौदा तास नाहीत, त्यानं विचारायला हवं. एवढाच फरक आहे.

आता परत त्या पायरीवर.

माझ्या विद्यार्थिनीनं आधी आयाबाईंना पोछा आणि बादलीसह वऱ्हांड्यात उभं करायचं ठरवलं होतं. लांबलचक ओली फरशी, तिच्यात खिडक्यांचं प्रतिबिंब, मध्ये बाई. कुठल्याही स्पर्धेत बक्षीस मिळवील असा फोटो. मीही तोच काढला असता. बाई म्हणाल्या, पोछा दवाखान्याचा. दुपारी दोनला त्या मागच्या पायरीवर आल्या. तिथं एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली चार-पाच जणी मिळून जेवतात. मागच्या भिंतीवर एसीचे खोके रांगेनं घरघरत असतात आणि त्यांची गरम हवा याच बाजूला येते. आतला गारवा तयार करताना बाहेर पडणारी धग या बायकांच्या जेवणावर पडते. पोरीनं ते खोके चौकटीत ठेवले, विचारपूर्वक ठेवले. अ‍ॅपर्चर आठ, म्हणजे भिंत अगदी स्पष्ट. शेजारच्या पांढऱ्या गाडीवरून परतलेला उजेड बाईंच्या चेहऱ्यावर.

आणि मध्ये डबा. स्टीलचा, चार पुडांचा. झाकणावर खिळ्यानं टोचून काढलेलं नाव. फोटोत बाई पहिलं पूड उघडताहेत. डावा हात डब्याला वेढलेला, गरम भांडं धरावं तसा, पण डबा गार आहे हे आपल्याला कळतं, कारण उजव्या हाताची बोटं झाकणाच्या कडेवर अगदी निवांत आहेत. त्या कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. बाजूला बसलेल्या, चौकटीबाहेरच्या मैत्रिणीकडे पाहताहेत, तिला पहिला घास देण्याआधीचा तो क्षण.

'माझं' सोडा, असं सगळे धर्म सांगतात. मी ते मानतो. पण ज्यांच्या वाट्याला 'माझं' म्हणायला कधी काही आलंच नाही, त्यांनी ते सोडायचं कुठून? आयाबाई डब्याला माझा म्हणाल्या आणि त्याच दमात त्यातलं पहिलं दुसरीला देत होत्या. मला वाटतं, त्यागाची सुरुवात तिथून होते. आधी डबा माझा व्हावा लागतो.

वर्गाच्या भिंतीवर हा फोटो बाईंच्या पूर्ण नावासह लावला आहे, झाकणावर जसं टोचलं आहे तसंच नाव लिहून. काकांच्या वेळी मी न केलेली ती गोष्ट. गोरोबांचं, सावतोबांचं, जनाबाईंचं नाव आपल्याला माहीत आहे. वर्तमानपत्रांतल्या हजारो फोटोंखाली मात्र अजून 'एक कामगार महिला' असंच छापलं जातं. मी स्वतः असं किती वेळा छापलं ते मोजता येणार नाही.

छायाचित्रण शिकणाऱ्या मुलांना, आणि मोबाइल घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही, माझं एकच मागणं आहे. बटण दाबण्याआधी विचारा: यातलं तुमचं काय? मग उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, कारण हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारलेला नसतो.

या लेखात बाईंचं नाव मी दिलेलं नाही. त्यांनी नावाला होकार दिला होता तो वर्गाच्या भिंतीपुरता; लेखासाठी अजून विचारलेलं नाही. येत्या शनिवारी दुपारी दोनला मी आणि ती विद्यार्थिनी त्या पायरीवर जाणार आहोत.